जुनी कंबरदुखी : सुरुवात कुठून करावी, किती करावं आणि कधी थांबावं

पाठ किंवा कंबर दुखायला लागून तीन महिने उलटून गेले असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कालपरवा उसण भरली असेल तर ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत उतरते; झेपेल तितकी हालचाल चालू ठेवायची, शेक घ्यायचा, एवढं पुरतं. पण १२ आठवड्यांच्या पुढे टिकलेलं दुखणं वेगळं असतं. एखादा स्नायू दुखावला असेल तर तो तोवर बहुधा भरून आलेला असतो. तरीही दुखतं, कारण दुखण्याची वर्दी देणाऱ्या नसा आणि मेंदू एव्हाना नको इतके हळवे झालेले असतात. भाजलेल्या बोटाला कोमट पाण्याचाही चटका बसतो, तसं. दुखणं पूर्णपणे खरं असतं, पण प्रत्येक कळेचा अर्थ आत काहीतरी मोडतंय असा होत नाही.

माझी कंबर चार वर्षं दुखत होती. त्यातली पहिली अडीच वर्षं मी एकच चूक पुन्हा पुन्हा केली. ज्या सकाळी बरं वाटेल त्या दिवशी तुंबलेली सगळी कामं उरकायची, माळ्यावरचं सामान काढायचं, लांबवर फिरून यायचं, आणि पुढचे चार दिवस आडवं पडून काढायचे. औषधं बदलली, डॉक्टर बदलले, गादी बदलली. खरा फरक पडला तो ही चढउताराची सवय मोडल्यावर. म्हणून इथे व्यायामाच्या नावांपेक्षा ‘किती’ या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे.

आधी धोक्याची लक्षणं नाहीत ना, ते बघा

कंबर दुखणाऱ्या दहांपैकी साधारण नऊ जणांमध्ये एखादा विशिष्ट गंभीर आजार सापडत नाही. पण उरलेल्यांमध्ये वेळ घालवून चालत नाही. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं, पायांतली ताकद कमी होत जाणं, पाऊल वर उचलता न आल्यामुळे चप्पल निसटणं, यातलं काहीही दिसलं तर लेख बाजूला ठेवा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा एक झुपका असतो. तो दाबला गेला की असं होतं, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

ताप येतो आहे, कारण नसताना वजन उतरतंय, पूर्वी कधी कर्करोग होऊन गेलाय, पडल्यानंतर दुखणं सुरू झालंय, हाडं ठिसूळ आहेत किंवा बराच काळ स्टिरॉइड घेतली आहेत, रात्री कोणत्याही कुशीवर दुखणं थांबत नाही, असं असेल तरी व्यायामाला लागण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक प्रकार नेहमी नजरेतून सुटतो. कंबरदुखी पंचेचाळिशीच्या आत सुरू झाली, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कंबर आखडलेली राहते, झोपून राहिलं की वाढते, हिंडलंफिरलं की सैल होते, पहाटे झोपमोड करते, हे चित्र तुमच्याशी जुळत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससारखे सांध्यांच्या सुजेचे आजार असेच सुरू होतात. अनेकांची त्यात वर्षानुवर्षं ‘स्नायू आखडलाय’ म्हणून बोळवण होते, आणि याची औषधं अगदी वेगळी आहेत.

एमआरआयचा कागद

माझ्या रिपोर्टात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती (म्हणजे डिस्क, जिला आपण गादी म्हणतो) झिजलेली आणि फुगलेली आहे, असं लिहिलं होतं. तो कागद मी वर्षभर पाकिटातून काढून काढून वाचायचे, आणि वाचला की त्या दिवशी वाकायला भ्यायचे. पुढची गोष्ट तेव्हा कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठ ठणठणीत असलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के. फुगलेली चकती विशीत ३० टक्क्यांना, साठीत ६९ टक्क्यांना. म्हणजे केस पिकावेत तशा चकत्या झिजतात. तुमच्या फोटोत जे दिसतंय तेच दुखण्याचं कारण आहे, असं नुसत्या फोटोवरून म्हणता येत नाही.

‘गादी सरकली’ हा शब्दही मनात घर करून बसतो. चकती अशी इकडेतिकडे सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट धरून असते. तिची कड फुगते, किंवा फाटून आतला मऊ गर बाहेर येतो आणि नसेला लागतो. मग कळ कमरेतून मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते, तीच सायटिका. बाहेर आलेला हा गर पुष्कळ वेळा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेतं. एमआरआय लागतो तो वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील, पायाची ताकद कमी होत असेल किंवा इंजेक्शन-शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तेव्हा. नुसती कंबर दुखते म्हणून दरवर्षी नवा फोटो काढण्यात काही हशील नाही.

वही आणि घड्याळ

आता मुख्य काम. एक वही घ्या. सलग तीन दिवस, रोज एकदा, सपाट रस्त्यावर चालायला निघा आणि दुखणं वाढतंय असं जाणवेल तिथे थांबून मिनिटं लिहा. समजा १४, ८ आणि ११ मिनिटं आली. सरासरी ११. त्यातून साधारण पाचवा हिस्सा वजा करा, उरली ९. ही तुमची पहिली मात्रा. पुढचे सात दिवस रोज ९ मिनिटंच चालायचं.

‘च’वर सगळा भर आहे. पाठ छान वाटतेय म्हणून वीस मिनिटं नाहीत, आणि कुरकुरतेय म्हणून शून्यही नाही. आठवडा नीट गेला तर एक मिनिट वाढवा. गेला नाही, तर त्याच आकड्यावर आणखी एक आठवडा काढा. वीस मिनिटांच्या पुढे गेल्यावर आठवड्याला दोन मिनिटं वाढवली तरी चालतात.

माझा पहिला आकडा सहा मिनिटं होता. एवढ्यात गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येणं व्हायचं. पूर्वी सहज पाच किलोमीटर चालणाऱ्या बाईला ते मनाला लागतं. खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात आली. एका सकाळी कंबर इतकी हलकी वाटली की टोकावर पोचल्यावर पाय पुढे जायला बघत होते. हातातल्या घड्याळाकडे बघून मी वळले. त्या वळण्याला मी आजही माझ्या बरं होण्याची सुरुवात मानते, कारण त्यानंतरचे चार दिवस मी पहिल्यांदाच पलंगावर काढले नाहीत. अर्ध्या तासापर्यंत पोचायला सहा महिने लागले.

हाच हिशेब बसण्याला, भांडी घासायला, गाडी चालवायला, झाडू मारायला लावा. खुर्चीत ३५ मिनिटांनी कंबर भरून येते का? मग पंचविसाव्या मिनिटाला उठा. दुखल्यावर उठलात तर मेंदू बसण्याची गाठ दुखण्याशी मारतो. दुखण्याआधी उठलात तर ती गाठ हळूहळू सैल होते.

चालण्यावर माझा भर आहे त्याला आणखी एक कारण आहे. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेली एक चाचणी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. दुखणं पुन्हा उलटायला या गटात साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्या गटात ११२. जोडीला लागतात ते फक्त आरामशीर बूट.

ताकदीचे व्यायाम

योगासनं, पिलाटीस, पोहणं, जिममधली वजनं यांपैकी जुन्या कंबरदुखीसाठी अमुक एकच सर्वांत भारी, असं अजून ठरलेलं नाही. जे आवडेल आणि सहा महिन्यांनीही चालू असेल ते तुमचं. घरच्या घरी सुरुवात करायची असेल तर मी पुढचे तीन सांगेन.

पहिला: रांगतो तसे हातापायांवर या. हात खांद्यांखाली, गुडघे कुल्ल्यांखाली. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करा. पाय छताकडे उचलायचा नाही. टाच मागच्या भिंतीकडे ढकलायची. कमरेवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आहे आणि एक थेंबही सांडायचा नाही, असं समजा. आठ-दहा सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, मग बाजू बदला. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी चार-चार वेळा पुष्कळ झाले. हात आणि पाय दोन्ही जमत नसतील तर नुसता पाय.

दुसरा: कुशीवर झोपा, गुडघे दुमडलेले. कोपरावर भार घेऊन कंबर जमिनीवरून उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ रेषा होईल अशी. कुशीतले स्नायू थरथरले तर घाबरू नका. हा आणि वरचा व्यायाम, दोन्ही कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी लोकप्रिय केलेल्या तीन व्यायामांपैकी आहेत.

तिसरा म्हणजे सेतू : उताणं झोपून, गुडघे दुमडून, कुल्ले आवळत कंबर वर. ताण कुल्ल्यांत जाणवायला हवा. मांडीच्या मागे पेटके आले तर टाचा जवळ घ्या.

व्यायाम करताना किती दुखलं तर चालेल? दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. नेहमीपेक्षा एकदोन गुणांनी वाढलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पूर्ववत झालं, तर मात्रा बरोबर आहे. तेवढ्यात उतरलं नाही तर पुढच्या वेळी निम्मं करा. कळ पायात आणखी खाली सरकायला लागली, मुंग्या किंवा बधिरपणा वाढला, तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवा. उलट पोटरीतली कळ वर मांडीत, मांडीतली कमरेत गोळा होत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सहसा चांगलं लक्षण असतं.

सकाळचा पहिला तास, आणि वाकणं

रात्रभर आडवं राहिल्यामुळे चकत्या पाणी शोषून टरारलेल्या असतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा वेळी खोल वाकण्याचा ताण त्यांच्यावर जास्त येतो. ज्यांची कंबर वाकल्यावर धरते, त्यांनी उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळून बघावं. उठताना सरळ धड उचलू नका: आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देऊन बसा.

वॉशबेसिनशी दात घासताना आपण पुढे झुकून अधांतरी उभे असतो, आणि अनेकांची पाठ नेमकी तिथेच धरते. एक हात बेसिनच्या कडेवर टेका, एक पाय खालच्या छोट्या स्टुलावर ठेवा. शिंक येतेय असं वाटलं की दोन्ही हात टेकून मगच शिंका.

वाकायला मात्र घाबरून कायमचं सोडू नका. वाकणं पुन्हा शिकायचं असतं. केरसुणीचा किंवा मॉपचा लांब दांडा पाठीवर उभा धरा, असा की तो डोक्याचा मागचा भाग, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड या तिन्हींना टेकेल. गुडघे किंचित सैल सोडा आणि मागे असलेलं कपाटाचं दार बुडाने लावायचंय असं समजून कुल्ले मागे न्या. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला, तर तुम्ही कमरेत न मोडता खुब्यातून वाकलात. रोज दहा वेळा करा. पंधरा दिवसांनी हातात हलकी पिशवी घ्या, महिन्याने थोडी जड. जपून ठेवलेल्या पाठीपेक्षा वजन उचलायला शिकलेली पाठ जास्त निर्धास्त राहते.

झोप

‘फळीवर झोपा’ हा सल्ला आता जुना झाला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम मिळाला. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, उताणं झोपत असाल तर गुडघ्यांखाली. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त बोचतं, म्हणून ठरलेल्या वेळी झोपणं-उठणं हा उपचाराचाच भाग धरा.

औषधं, शेक, पट्टा

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं घ्या. निर्धोक आहे आणि आखडलेले स्नायू सैल करते. मसाजनेही काही काळ बरं वाटतं. त्या सैल झालेल्या वेळात व्यायाम उरकलात तर त्याचा खरा फायदा.

आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या थोडे दिवस मदत करतात, पण पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो. डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत माहिती देणं, व्यायाम, काही शारीरिक उपचार आणि मानसोपचार यांचा पुरस्कार आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि अफूवर्गीय वेदनाशामकं नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं म्हटलं आहे. पट्टा वर्षभर बांधून असाल तर एकदम सोडू नका. दर आठवड्याला अर्धा-अर्धा तास कमी करत आणा.

पायात नसेची कळ नाही, फक्त कंबर दुखते, आणि कोणी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवतंय, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

भीतीचं काय करायचं

‘तुमच्या मनात आहे’ हे वाक्य ऐकून मी एकदा डॉक्टरांकडून रडत घरी आले होते, त्यामुळे हे जपून लिहिते. दुखणं मनाचं नसतं. पण भीतीने माणूस श्वास रोखून, पोट आवळून, लाकडासारखा वावरतो आणि आखडलेले स्नायू स्वतःच दुखायला लागतात. वहीच्या मागच्या पानावर दुखण्यामुळे सोडलेल्या गोष्टींची यादी करा, कमी भीतीच्या आधी. माझ्या यादीत सर्वांत वर होतं मोजे उभ्याने घालणं, सर्वांत खाली भाचीला उचलून घेणं. वरून एकेक गोष्ट घ्या, तिचा अगदी छोटा तुकडा करा आणि श्वास सोडत रोज करा. भीतीमुळे घराबाहेर पडणंच थांबलं असेल किंवा सतत उदास वाटत असेल, तर समुपदेशकाची मदत घ्या. वर्तनोपचाराने जुन्या दुखण्यात फरक पडतो.

पुन्हा भडकलं तर

भडकणार, हे धरूनच चाला. माझंही वर्षातून दोनदा भडकतं. त्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणून बऱ्या दिवसातच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की काय करायचं. माझ्या पानावर हे आहे:

आधी धोक्याची लक्षणं तपास. एकही नसेल तर एमआरआय नको.
शेक, दिवसातून तीनदा.
दोन दिवसांपेक्षा जास्त आडवं पडायचं नाही; त्या दोन दिवसांतही दर तासाला उठून खोलीत दोन फेऱ्या.
सेतू आणि बाजूवरचा व्यायाम बंद. रांगून नुसती पाठ वर-खाली करायची, दहा वेळा, सावकाश.
आदल्या आठवड्यात काय एकदम वाढलं होतं ते वहीत शोध: चालणं, बसणं, प्रवास की जागरण.
तिसऱ्या दिवशी चालायला निघ, नेहमीच्या निम्मी मिनिटं. रोज दोन-दोन वाढवत जुन्या आकड्यावर ये, त्याच्या पुढे नको.